साठ सेंटिमीटर

सारी-बुलुनच्या शाळेचा नकाशा
मी आधी गुडघ्यांवर रांगत काढला,
जुन्या शाळेच्या रिकाम्या वर्गात,
सहा वर्षांच्या डोळ्यांना जग कुठून सुरू होतं ते बघत.
साबिरकुल गवंडी दारात थबकला.
"बाई, काही हरवलंय का?"
हो म्हटलं.

बाकांच्या खालच्या बाजू, वाळलेला डिंक,
मोठ्यांच्या कोटांचे काठ,
टाचा उंचावल्या तरी हाताला न लागणारी कडी,
आणि खिडकीत नुसतं आभाळ.

माझ्या वेळी तेवढंही नव्हतं.
आमच्या शाळेत खालची तावदानं
पांढऱ्या तैलरंगानं लिंपलेली असत,
मुलांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून.
मी कंपासच्या टोकानं खरवडून
कोपेकच्या नाण्याएवढं भोक पाडलं होतं.
त्यातून एका घोड्याचा कान दिसायचा.
कानच फक्त. माशी बसली की थरथरणारा.
दुसरीची अख्खी बेरीज, हातच्यांसकट,
मी त्या कानाला समजावून शिकले.
मग बाईंनी ब्रश आणला.

म्हणून खिडकीचा कट्टा साठ सेंटिमीटरवर.
कार्यालयाचा नियम नव्वदचा.
या तीस सेंटिमीटरसाठी
मी बिश्केकला अकरा खेपा घातल्या,
एका साहेबाच्या टेबलाखाली वाकून त्याला विचारलं,
तुम्हाला इथून काय दिसतं?
त्यानं सही केली. बहुधा लाजेनं.

भिंती जाड, भूकंपाचे पट्टे तीन,
दोन दारांच्या मधे थंडीला अडवून धरणारी खोली,
तिथे बुटांचे कप्पे, प्रत्येकावर एक जनावर,
ज्यांना अजून नाव वाचता येत नाही त्यांच्यासाठी.
आणि दक्षिणेला माझ्या खिडक्या,
एका ओळीत, ठेंगण्या, उघड्या डोळ्यांच्या.

फेब्रुवारीत बघायला गेले.
उणे सत्तावीस. शेगडीत शेणी,
वर्गात ओल्या लोकरीचा वास.
आणि खिडक्यांवर, खाली, मुलांच्या उंचीला,
कागद. जुन्या वह्यांचे, पिठाच्या खळीनं डकवलेले.
सगळ्या खिडक्यांवर.

माझ्या पोटात ते जुनं काहीतरी पेटलं.
कासियेतबाई शांतपणे म्हणाल्या,
"डोळे बघा त्यांचे."
लाल होते. पाणी गळत होतं.
दाराबाहेर, कुंपणापासून डोंगरापर्यंत, बर्फच बर्फ.

ऊन वरून येतं असं मी धरून चालले होते.
इथे ते खालून येतं.
मी मोजमाप जूनमध्ये घेतलं होतं,
गुडघाभर हिरव्या कुरणात उभी राहून.

बोलायला तोंड नव्हतं, म्हणून कागद न्याहाळत बसले.
तेव्हा दिसली भोकं.
पेन्सिलीची, बोटाची, एक तर दातांनी पाडलेलं.
टेप काढला: एक्क्याऐंशी. त्र्याण्णव. शहात्तर.
ज्याच्या त्याच्या डोळ्याला ज्याची त्याची खिडकी.
आणि मी म्हणे सगळ्यांना एकच उंची काढून दिली,
वर अकरा खेपा मिरवल्या.

सगळ्यात खाली एक, बासष्टवर.
"हे कुणाचं?"
"एल्नुराचं. पहिलीतली. जमिनीवर बसून बघते."
"काय बघते?"
बाई हसल्या. "तुम्हीच बघा."

बसले. डोळा लावला.
घोडा नव्हता. डोंगरही नव्हता.
पलीकडे, पटांगणाच्या टोकाला, शौचालयाचं दार,
नकाशात ज्याला मी दोन रेघा दिल्या होत्या.
चौथीतला एक मुलगा फावड्यानं
तिथपर्यंतची वाट मोकळी करत होता.
जवळजवळ होत आली होती.
माझ्यामागे एक हात हळूच वर गेला.

वहीत लिहिलं:
शौचालय आत घ्यायचं.
पाईप गोठणार नाही असं काहीतरी.
खिडकीपुढे छाया, खालून.
कशी, ते माहीत नाही.
साबिरकुलला विचारणे.