व इतर सात इसम

महिन्यातून एकदा मी वडगावात पाण्याचे मीटर वाचतो.
मीटर नेहमी अडचणीत : जिन्याखाली, शेणकुटांमागे,
बांधलेल्या कुत्र्याच्या पुढ्यात.
वाकायची सवय लागली की
माणूस खालचं काय काय वाचायला लागतो.

तशीच ही पाटी. रंगाऱ्यांच्या बोळात,
बुजवलेल्या विहिरीच्या कठड्याला,
गुडघ्याएवढ्या उंचीवर, अर्धी चुन्यात.
नखानं खरवडली, मग किल्लीनं.

शके १८४३. या विहिरीचे काम चालू असता
दरड कोसळून दिवंगत झालेले
भैरू सुबराव होनगेकर, मेस्त्री,
व इतर सात इसम.

अक्षराला आणा पडत असेल तेव्हा.
मी उगाच मोजलं, मोजायचंच काम माझं :
एकट्या होनगेकरांना अकरा अक्षरं, मेस्त्रीची दोन वेगळी.
बाकीच्या सातांत मिळून नऊ.

शेजारी माग चालू होता, खटक खटक,
तो थांबला आणि कमळव्वा बाहेर आली,
पदराला रेशमाचे धागे चिकटलेले.
"काय बघुलालास? मीटर तिकडं हाय."
म्हटलं, अव्वा, हे इतर कोण?
"मेलेली माणसं."
ते दिसतंय की. नावं?

ती कन्नडात विचार करते आणि मराठीत बोलते,
माझं बाजारात उलटं होतं.
मधे कुठंतरी आमची गाठ पडते.
तिच्या सासूची सासू म्हणे दर अवसेला
या दगडावर हळदीची बोटं उठवायची. आठ.
एक मेस्त्रीचं, सहा कुणाकुणाची,
आणि एक जरा बाजूला, दुर्गव्वाचं.
वड्डरांची बाई. माती वर ओढायला होती,
पाणी बघायला म्हणून खाली उतरली.
पोर चिंचेला झोळीत टांगलेलं.
पोर वर राहिलं.

इसम.
मी पाटी पुन्हा वाचली.
इसमात बाई बसते का,
हे ऑफिसात विचारलं तर हसतील.

श्रावणात रस्ता रुंद झाला, कठडा गेला.
नवी पाटी बसवायचं ठरलं, काळ्या ग्रॅनाइटची,
आणि तिच्यावर बैठक :
कुठली भाषा वर, कुठली खाली,
कुणाची अक्षरं किती इंचांची.
तीन तास. दोन खुर्च्या मोडल्या. चहावर साय धरली.
मी मागं उभा, रजिस्टर काखेत.
मग कुणीतरी म्हणालं, मजकूर तोच ठेवा,
मजकुरावर कुणाचा वाद नाही.
खरंच नव्हता.
व इतर सात, इकडचे म्हणाले.
मत्तु इतर एळु मंदि, तिकडचे म्हणाले.
एवढं एकमत या गावात मी आजवर पाहिलं नव्हतं.

"साहेब, एक नाव मिळालंय."
"कागद आहे?"
कागद नव्हता. हळद होती,
ती त्या दगडाबरोबर
कुठल्या तरी गटाराच्या तोंडावर आडवी पडलेली.

आमच्या रजिस्टरात शेरा लिहायला एक रकाना असतो.
दार बंद. काच फुटली. मीटर मातीखाली.
त्या विहिरीला ना मीटर ना घर नंबर,
तरी शेवटच्या पानावर रेघ मारून
मी दुर्गव्वा लिहिलं,
खाली सहा ओळी मोकळ्या सोडल्या.

पोर वर राहिलं, म्हणजे
ते कुणाचा तरी आजा झालं असणार.
पुढच्या आठवड्यात वड्डर वस्तीत वाचन आहे.
दार बंद असलं तर
परत जाईन.