भूर्जाची साल

इनारी तळ्याकाठच्या मासे-मोजणी केंद्रात
ओस्मोने कर्नल स्वतः घडवला होता.
लागेल तेवढंच आत, बाकीच्याला फाटा.
"आरंभीचा रॅमडिस्क? कशाला?
घरमालक ओळखीचा असताना
मध्यस्थ कोण ठेवतं?"

अकरा वर्षं मशीन उठत राहिलं
चार सेकंदांत, न कुरकुरता.

मग जानेवारीत डिस्क गेली.
रोव्हानिएमीहून नवी आली, वेगळ्या घाटाची,
आणि पडद्यावर पांढरी अक्षरं:
मूळ सापडत नाही.

ती डिस्क वाचायची विद्या
त्याच डिस्कवर ठेवलेली.
किल्ली आत, कुलूप बाहेर.

टूलिक्की काही बोलली नाही.
लोखंडी शेगडीपाशी बसून
तिने ओंडक्याखाली भूर्जाची साल सरकवली.
नुसत्या काडीने ओंडका पेटत नाही,
हे ओस्मोलाही ठाऊक.
साल भर्रकन पेटली,
ओंडक्याने धरलं,
साल उरली नाही.

पहाटे, म्हणजे घड्याळातली पहाट,
बाहेर काळोखच,
त्याने दुसऱ्या मशीनवर बसून
ते तात्पुरतं खोपटं बांधलं:
स्मृतीतच उभं राहणारं,
आत चार हत्यारं,
मूळ शोधून हवाली करायचं
आणि स्वतःला पुसून टाकायचं.

मशीन उठलं. सहा सेकंद.

"दोन जास्त," ओस्मो पुटपुटला.

टूलिक्की राख उपसत होती.
"साल संपत आलीये," म्हणाली,
"येताना घेऊन ये."