दोरीच्या अलीकडे

मोठ्यांना पन्नास पेसो, लहानांना फुकट.
टेबलापाशी सान्तोयनंच सांगून टाकलं,
"हिला पोहता येत नाही. जॅकेट द्या. केशरी."

मानोय टिबुर हसला. त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं.
उरलेली दोन याच पाण्यात कुठेतरी गेली,
माशांवर सुरुंग फेकायचे, त्या वर्षांत.
आता तो इथला राखणदार.
तीन बोटांनी त्यानं माझा पट्टा आवळला
आणि विचारलं, "रियाधहून कधी आलीस?"
"मंगळवारी."
"परत कधी?"
मी तोंड उघडायच्या आत सान्तोय म्हणाला, "सतरा दिवसांनी."
त्याला उलटं मोजता येतं
हे मला तेव्हा कळलं.

बेटावर जन्मून पोहता न येणारी बाई.
हसा खुशाल.
आम्ही वरच्या डोंगरातले, मक्याच्या शेतांतले;
समुद्र म्हणजे खाली कुणीतरी वाळत घातलेली चादर,
रोज दिसायची, आमची नव्हती.
आणि तिकडे, त्या घरात, फरशीचा निळा तलाव आहे.
त्याच्या काठावर मी टॉवेल घेऊन उभी असते
दुसऱ्यांची मुलं बाहेर येईपर्यंत.
अंगठासुद्धा भिजवलेला नाही.

"काचेत थुंक," मुलगा म्हणाला.
मी बघत राहिले.
"थुंक ना. मग बोटानं फिरव, मग बुचकळ.
नाहीतर धुकं धरतं.
तिया लिझापण थुंकते."
तिया लिझा, माझी धाकटी बहीण,
काठावर भाताच्या विणलेल्या पुड्या सोडत होती
आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती.
त्याचा पहिला दात तिच्या हातात पडला.
मी थुंकले.

पाणी गुडघ्याला, मांडीला, मग एकदम कानात.
जग बंद झालं, आणि नळीतून फक्त श्वास,
आत, बाहेर,
कुणी शेजारी झोपलंय असा.
हा आवाज मला ओळखीचा होता.
लिझा रात्री फोन त्याच्या उशीशी ठेवायची,
आणि मी तिकडे मालकांचे शर्ट इस्त्री करत
तासन् तास ऐकायची. एकदा कॉलर जळली.

पाण्याखाली बोलता येत नाही. बरं झालं.
तीन दिवस आम्ही दोघं शब्द शोधत होतो,
"भूक लागली का" याच्या पुढे काही सापडत नव्हतं.
इथं तो नुसता बोट दाखवायचा.
काटेरी साळिंदरासारखे काळे गोळे: पाय ठेवू नकोस.
झालरीत लपणारा नारिंगी मासा, वीतभरही नाही,
माझ्या काचेवर धावून आला, भांडखोर;
मी दचकले, नळीत पाणी गेलं, खोकले,
त्यानं पाठीवर थोपटलं.
सात वर्षांच्या तळहाताला एवढं वजन असतं?

मग तो मोठा शिंपला, परातीएवढा,
आत जांभळं मखमल, हिरवे ठिपके.
आमची सावली पडली तसा
त्यानं ओठ हळूच मिटून घेतले.
मंगळवारी बंदरावर
माझ्या हातातली चॉकलेटची पिशवी बघून
सान्तोयनं मिटले होते तसे.
आम्ही बाजूला झालो. थांबलो.
बराच वेळ काही झालं नाही.
मग फट दिसली.

पांढऱ्या बोयांच्या दोरीपाशी तो थबकला.
पलीकडे जमीन संपते. नुसतं निळं,
बघता बघता काळं होत जाणारं.
त्यानं दोन्ही हात फुलीसारखे धरले: नाही.
इथपर्यंतच.
आणि माझा अंगठा पकडला, मी ओढली जाईन म्हणून,
किंवा स्वतः.
मी त्या निळ्याकडे पाहिलं.
त्यातूनच जहाज जातं, मग बस, मग विमान.

वर आलो तेव्हा लिझा हसत सुटली.
दोघांच्या कपाळांवर मुखवट्याचा तोच लाल वळ.
सान्तोयनं आपला चोळून पाहिला, मग माझा.
जेवताना तो माझ्या शेजारी बसला नाही,
पण त्याच्या माशाचा काटेरी भाग
न विचारता माझ्या पानात टाकला.

निघताना टेबलापाशी पुन्हा तोच पुढे.
"हिचं जॅकेट कुणाला देऊ नका. उद्या येणार आहे."
टिबुरनं माझ्याकडे पाहिलं नाही.
त्यानं ते वेगळ्या खिळ्याला अडकवलं.
खाली वाळूत थेंब पडत राहिले.