शाल्मलीसाठी रस्ता

लोणीचं रेल्वे फाटक मागे टाकलंस की पहिल्या मोरीपाशी
डांबर संपतं, कालव्याच्या कडेचा मुरूम लागतो.
तिथे उतर. दोन्ही चाकांतली थोडी हवा जाऊ दे.
अंगठा दाबल्यावर टायरनं
पिकायला आलेल्या चिकूइतकं ऐकलं पाहिजे.

कालव्याला चढ ठाऊक नाही.
ज्यानं तो आखला, त्यानं टेकड्यांच्या पोटावरून
पाण्याला बोट धरून नेलंय, कुठे ठेच लागू न देता.
तुलाही तसंच नेईल.
वीस किलोमीटर तुला वाटत राहील,
आज आपल्या पायांत काहीतरी आहे.
परतताना कळेल, तो वारा होता.

आवर्तन सुरू असेल तर पाणी काठोकाठ,
चहाच्या रंगाचं, कुठेतरी उशीर झाल्यासारखं.
त्यातून पुण्याची एखादी चप्पल, निर्माल्य, नारळ
तुझ्या बरोबरीनं येईल. शर्यत लावू नकोस.
मी लावली होती, एका नारळाशी.
नऊ नंबरच्या फाट्यापर्यंत पुढे होतो,
मग चेन उतरली.

त्याच फाट्यावर भागूजी खळदकर असतो,
दार उचलायची किल्ली मांडीवर घेऊन.
तो सायकलची किंमत विचारेल.
बारा हजार सांग. मी पाच वर्षं तेच सांगत आलोय.
मागच्या खेपेला म्हणाला,
"महागाई तेवढी तुझ्याच सायकलीला शिवत नाय व्हय?"
आणि हँडलवर हात फिरवून
बैल पारखावा तसा गप्प राहिला.

उरुळीला हायवे ओलांड.
ट्रकवाल्याला तू दिसतच नाहीस, असं धरून चाल.
पलीकडे उसातून चाकोरी जाते.
तोड झाली असेल तर पाचट जळाल्याचा वास,
बगळे, आणि अचानक केवढं तरी आभाळ.
झाली नसेल तर घंटी वाजवत जा.
संध्याकाळी एकटी जाऊ नकोस. का, ते विचारू नकोस,
ओल्या पाटात ठसे मी पाहिलेत.

मग नदी.
नकाशात ती निळी आहे.
तिथे पोचल्यावर रंगावरून वाद घालू नकोस.
जलपर्णी अशी की म्हैस कुरण समजून पाय टाकते.
आपण बेसिनात जे जे ओतलं
ते बंधाऱ्यावरून फेस होऊन उतरतं,
हलकं, पांढरं. दुरून तर छानच दिसतं.
फोटो काढशील, मीही काढलाय.
वास काही फोटोत येत नाही.

बंधाऱ्याच्या अलीकडे उतार आहे, सैल खडीचा.
पुढचा ब्रेक दाबू नकोस.
मी दाबला.

वरच्या रानात बायका मिरच्या तोडत होत्या.
त्यातली एक आली, डोक्याला टॉवेल, अंगात नवऱ्याचा शर्ट.
कळशीतलं पाणी ओतून तिनं गुडघ्यातले खडे
तांदूळ निवडावेत तसे एकेक वेचले,
आणि तोंडानं रागावत राहिली,
"येवढा मोठा बाप्या, आन सायकल सायकल खेळतोय."
हाताला मिरची होती.
पडल्यापेक्षा ते जास्त झोंबलं.
नाव विचारायचं राहिलं.

एक खडा आत राहिलाच.
डॉक्टर म्हणतात, काही नाही, एक्स-रेत दिसत नाही.
मला दिसतो, जिना उतरताना.
म्हणून हे सगळं तुला लिहितोय,
नाहीतर तुझ्या पुढेच असतो, उगाच मागे वळून बघत.

तर तिथे थांब.
मिरची असेल, किंवा यंदा कांदा केला असेल.
टॉवेलवाली भेटली, आणि त्या बाप्याचं विचारलं,
तर सांग, बरा आहे, घरी बसून रस्ते काढतो.
नाही भेटली तर कोणाकडेही पाणी माग, देतात.
बाटली तिथेच भर.
पुढे थेऊरपर्यंत सावली नाही,
आणि वारा आता समोरून आहे.