दात

निवतीला ते उतरले तेव्हा माझ्याकडे दोनच खोल्या होत्या,
आणि त्यांच्यासोबत दोन पोरं.
बाप उंच. माजघराची चौकट
रोज एकदा त्याच्या कपाळाला लागायची.
धाकटा एलिआस नुसती पेज खायचा, मिठाशिवाय.
मिर्का सोलकढीला दूध समजली,
तोंड वाकडं केलं,
आणि पुन्हा वाटी पुढे.

चौथ्या दिवशी घावणा खाताना दात पडला तिचा.
आमचा गौरांग म्हणाला,
"शेणाच्या गोळ्यात घाल नि कौलार टाक.
उंदीर नवो देतलो."
तिने मूठ घट्ट केली.
उशीकडे बोट दाखवलं, काहीबाही बोलली,
आणि रडली.

रात्री तिची आई दारात, हातात पाचशेची नोट.
तिला नाणं हवं होतं, हे कळायला
आम्हा दोघींना अर्धा तास लागला.
डोळे मिटून, गालाखाली हात घेऊन
बिचारी उभ्या उभ्या झोपून दाखवत होती.
मासळीच्या पैशांच्या डब्यातलं पाचाचं दिलं.
धुतलं होतं,
बांगड्याचा वास तरी राहिलाच.

सकाळी पोर ते नाणं नाकाला लावून अंगणभर नाचली.

जाताना आईने माझ्या मुठीत दात ठेवला.
तिकडे पुढे त्याचं काय करतात,
विचारायला शब्द नव्हता.
रिक्षा वळणाआड गेल्यावर
मी गोठ्यात गेले.

वैशाखात शाकारायला आलेला बाबल वरून ओरडला,
"वैनी, हंय बारकोसो दात गावलो. गौरांगाचो?"

"ठेव थंयच.
पावण्यांचो आसा."