बोली बंद

कळमन्याच्या संत्रा यार्डात
अठ्ठावीस वर्षं मी भाव पुकारला.
आंबिया असो, मृग असो,
गाड्यांच्या भोंग्यांवरून, हमालांच्या शिव्यांवरून
माझा आकडा पलीकडच्या शेडपर्यंत जायचा.
‘हेडाऊचा गळा हाय का लाऊडस्पीकर बे!’
मी हसायचो,
खर्रा दाढेखाली सरकवायचो.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी
‘बावीस हजार’ म्हणायला तोंड उघडलं
आणि नुसती हवा निघाली
पंक्चर काढताना ट्यूबमधून निघते तशी.
एका व्यापाऱ्यानं ओठ पाहून बारा लावले.
बागवाला माझ्याकडे पाहत राहिला.

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी
नाकातून बारीक नळी घातली,
पडद्यावर दाखवलं :
दोन ओल्या पट्ट्या, आणि त्यांवर समोरासमोर
ज्वारीच्या कण्यांएवढे दोन गठ्ठे.
‘हे तुमचे आजवरचे भाव,’ म्हणाल्या.
‘आठ दिवस एक अक्षर नाही.
कुजबूज तर नाहीच, ती जास्त घासते.
खाकरायचं नाही, घोट घोट पाणी प्यायचं.
खर्रा बंद. तर्री बंद. रात्री उशिरा जेवण बंद.’
मी खुणेनं विचारलं, संत्रं?
‘तेही,’ म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

घरी मंदानं गंजभर पाणी उकळलं.
टॉवेलखाली मी, वाफ,
आणि माझा श्वास, जो मी इतक्या जवळून
कधी ऐकला नव्हता.
‘काऊन जी, आता कसं वाटते?’ ती विचारायची,
आणि मी तोंड उघडलं की,
‘हां, बोलू नका!’
पौनीकर ज्येष्ठमध देऊन गेले,
त्यांची सून हळदीचं दूध,
कोपऱ्यावरचा पानवाला म्हणे, एक लवंग धरा,
खर्ऱ्याचा जीव लवंगेत रमत नाही पण धरा.
गुळणीसुद्धा मुकी करायची होती.
मिठाचं पाणी घशात नुसतं थांबवून
छताकडे पाहायचो,
पंख्याच्या पातीवरची धूळ मोजायचो.

यार्डातून निरोप आला :
निखाऱ्याचा पोरगा माईकवर पुकारून राहिला,
माल उठून राहिला.
हे मीठपाण्यापेक्षा खारट होतं.

रविवारी हैदराबादहून रोशनीचा फोन.
एरवी मी विचारायचो : पगार? जेवण? गावाकडे कधी?
तीन मिनिटांत सौदा पक्का.
आज मंदानं स्पीकर लावला.
‘आई, बाबा ऐकून राहिले?’
‘मुंडी हलवून राहिले.’
पलीकडे बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या.
मग पोरीनं सांगितलं,
जुलैतच नोकरी सुटली.
एका मैत्रिणीच्या खोलीवर आहे, डबे करते,
रात्री झोप येत नाही.
‘तुमच्याशी बोलताना वाटते,
तुम्ही आता एक, दोन, तीन म्हणाल
आणि माझं बोलणं तोडून टाकाल.’

घशात काही आलं.
खाकरायचं नव्हतं.
पाणी प्यालो.
पाटीवर लिहिलं : अजून सांग.
मंदानं ते वाचून दाखवलं,
वरून स्वतःचं जोडलं, ‘रडू नको वो माय.’
तासभर चालला तो फोन.
डाळ करपली.

नवव्या दिवशी, बाईंनी शिकवलं तसं,
आधी ओठ मिटून हुंकार,
गाय दूरून वासराला देते तेवढाच.
मग एक हलका शब्द,
हाताच्या अंतरावरच्या माणसासाठी.

मंदाच्या फोनवरून लावला.
हाताच्या अंतरावर फक्त तो फोनच होता.
‘बोल,’ म्हणालो.
ओला, फाटका निघाला,
धुतलेल्या फडक्यासारखा.

पलीकडे कढईची चर्र थांबली.
‘कोण?’ ती म्हणाली. ‘कोण बोलून राहिलं?’

मी कोमट पाण्याचा एक घोट घेतला.
घाई नव्हती.