सतरा नंबरचं पार्सल

सहा चाळीस, सात, सात वीस.
तीन गाड्या हाम्बुर्गकडे जातात
आणि एर्लेनबुश रिकामं होतं,
पाटाचं पाणी वरून बंद केल्यावर
शेवटचा ओलावा सरकत जावा, तसं.

मागे उरते मी.
आणि बारा नंबरचं गवत कापायचं यंत्र,
जे दिवसभर आपलं आपण फिरतं,
कुंपणाला धडकतं, माघारी वळतं.
कोणी बघत नसताना काम करणारे
या गल्लीत आम्ही दोघंच.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सुटली.
पहिल्याच आठवड्यात कुरिअरवाल्या एमिननं
काचेतून माझी सावली हेरली.
"सही कराल? शेजारच्यांचं आहे."
केली.
त्याला वाटलं एकदाच. मलाही.

आता माझ्या पॅसेजमध्ये अख्खी गल्ली राहते.
स्टुलावर फेडरसनचे बूट,
तीन मापांचे, त्यातले दोन परत जाणार.
आरशाखाली डॉक्टर ब्राशबाईंची वाइन,
इतकी नीट बांधलेली की हलवली तरी बोलत नाही.
चौदा नंबरला बाळ येणार हे
तिच्या सासूच्या आधी मला कळलं:
खोक्यावर पाळण्याचं चित्र होतं.
मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

संध्याकाळी सव्वासहापासून बेल वाजू लागते.
कोटाला अजून डब्यातली ऊब चिकटलेली,
हातात पिवळी चिठ्ठी.
"तुम्हाला त्रास."
"छे, त्रास कसला."
"गुडघा काय म्हणतो?"
"उद्या पाऊस म्हणतो."
उंबऱ्याच्या आत कोणी येत नाही
आणि मी या म्हणत नाही.
तरी एवढ्याशा बोलण्यावर माझी रात्र निघते,
खोटं कशाला सांगू.

सतरा नंबर, ओले टीडमान.
सात वीसची गाडी, ती कायम धावत पकडणारा.
त्याचं खोकं आलं चार मार्चला,
चपटं, हलकं, एका कोपऱ्यात दबलेलं.
तो आला नाही.
त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही.
पडदे अर्धे. सायकल भिंतीला टेकलेली,
तिच्या सीटवर आधी दव, मग पिवळे परागकण.

विचारणार कोणाला?
सातच्या गाडीचे म्हणाले, तो सात वीसला असायचा.
सात वीसचे म्हणाले, आम्ही पुढच्या डब्यात बसतो.
फेडरसन म्हणाला, "दाढीवाला ना?"
दाढी नव्हती.
नऊ वर्षं राहतोय तो इथे, फेडरसनच्या भिंतीपलीकडे.

मी म्हणजे कोणी मोठी लागून गेले नाही.
मलाही त्याचा आवाज आठवेना.
फक्त सही ठाऊक होती,
ट चा दांडा ओळीबाहेर जाणारा.

एमिन म्हणाला, सात दिवस झाले की परत पाठवायचं, नियम आहे.
म्हटलं, राहू दे. त्या कागदावर नाव माझं आहे.
सतराच्या दारातून चिठ्ठी सरकवली:
"पार्सल अकरा नंबरात आहे. घाई नाही."
आत ती कागदांच्या ढिगावर पडली,
मऊ आवाज झाला.
त्या आवाजाने चार रात्री झोप नव्हती.

मे महिन्यात, मंगळवारी, अकरा वाजता बेल.
दिवसा कोणी येत नसतं.
तो होता, बारीक झालेला, शर्टाची घडी तशीच उमटलेली.
"आई होती. कीलला," म्हणाला.
"होती" वर थांबला.
मी खोकं आणून दिलं.
त्याने उलटंसुलटं केलं, नाव वाचलं
जणू दुसऱ्या कोणाचं आहे.
"काय मागवलं होतं, आठवत नाही."

मी स्टुलावरचे फेडरसनचे बूट जमिनीवर ठेवले.
तो बसला.
मांडीवर खोकं, न उघडलेलं.
कॉफी करते म्हटलं, पण उठले नाही.
बाहेर यंत्र कुंपणाला धडकलं, वळलं.
अकरा चाळीसची गाडी गेली,
दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून आरपार दिसणारी,
आत कोणी नाही.